दुखणं आणि दगा

मंठ्याहून परतूरच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर आत वळणारी एक गाडीवाट आहे. तिच्या टोकाला एक आखाडा: पत्र्याचं घर, पुढं लिंब, मागं सहा एकर काळं रान. त्या घरात एकाच भाद्रपदात दोन गुडघे गेले.

पहिला मोठीमायचा. पोळा नुकताच झाला होता. पावसानं उघडीप दिल्यावर तुरीतलं तण काढायला ती सकाळपासून उकिडवी बसली होती. दुपारी उठायला गेली तेव्हा डावा पाय चिखलात रुतलेलाच राहिला आणि अंग तेवढं वळलं. गुडघ्याच्या आतल्या बाजूनं कळ निघाली. दुसऱ्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांना तिचं दुखणं ऐकू यायला लागलं. उठताना "माय गं", बसताना "माय गं", रात्री कूस बदलताना तर झोपलेली माणसं जागी होत.

दुसरा गुडघा धाकट्याचा. धाकटा म्हणजे तिच्या दिराचा मुलगा, वय वीस. गणपतीत गावोगाव कबड्डीचे सामने असतात. तो चढाईला गेला, निदानरेषा ओलांडली आणि मध्यरेषेकडं वळला. अंगाला कुणाचा हातही लागलेला नव्हता. उजवं पाऊल मातीत घट्ट टेकलेलं, धड वळलेलं, आणि आतून कट् असा आवाज आला. तासाभरात गुडघा टरारून फुगला. पोरांनी उचलून घरी आणला. पण पंधरा दिवसांत सूज ओसरली, पाय सरळ व्हायला लागला, आणि धाकटा चालू लागला. कुणी विचारलं की म्हणायचा, "झालं की बरं."

दोघांचा गुडघा गेला तो एकाच तऱ्हेनं. पाय जमिनीत रोवलेला आणि अंग फिरलेलं. घरानं मात्र दोघांकडं दोन नजरांनी बघितलं, आणि मला ही गोष्ट सांगावीशी वाटते ती त्याचसाठी.

मोठीमायचा नवरा वारल्यापासून घर थोरला बघत होता. थोरला म्हणजे तिचा मुलगा, तीस-बत्तीसचा, कष्टाळू, आईवर जीव असलेला. त्यानं तिला जालन्याला नेलं. मंठ्यापासून जालना साठेक किलोमीटर. तिथं एमआरआय काढला. त्या अहवालात लिहिलं होतं की गुडघ्यातली आतल्या बाजूची गादी फाटली आहे आणि हाडांच्या कडांची थोडी झीज आहे. शहरातल्या एका डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि म्हणाले, "दुर्बिणीतून करून घेऊ. फार थांबू नका."

फाटली हा शब्द थोरल्याच्या डोक्यात बसला. जे फाटलं ते शिवायला पाहिजे, नाहीतर कापून काढायला पाहिजे, एवढं त्याला सरळ दिसत होतं. त्यानं बैलजोडी विकायची ठरवली.

गावात ज्याच्या-त्याच्या तोंडी सल्ला. कुणी हाडवैद्याचं नाव सांगितलं, कुणी वंगण संपलंय म्हणून इंजेक्शन घ्या म्हणालं. पारावरच्या एका म्हाताऱ्या गुरुजींना वाजपेयी आठवले. पंतप्रधान असताना २००० साली त्यांच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, पुढच्या वर्षी उजव्यावर. न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावतांनी ती केली होती. "एवढ्या मोठ्या माणसानं केलं, तर आपण कामून भ्यायचं?" गुरुजींचं म्हणणं. त्यांचा हेतू चांगला होता. पण वाजपेयींचा सांधा झिजून गेलेला होता आणि तो बदलून कृत्रिम बसवला होता. मोठीमायच्या गुडघ्यात कुणी सांधा बदलणार नव्हतं, गादीची फाटकी कड कापणार होतं. आपल्याकडं सांधा बदलणं, गादी कापणं आणि तुटलेली दोरी, म्हणजे लिगामेंट, नवी बसवणं या तिन्हींना एकच नाव आहे, गुडघ्याचं ऑपरेशन. मग एकाचा अनुभव दुसऱ्याला लागू होतो असं वाटतं, आणि ज्याचं चांगलं झालं तो सगळ्यांना करा म्हणतो, ज्याचं बिघडलं तो सगळ्यांना नको म्हणतो.

धाकट्याबद्दल मात्र कुणी काही बोलत नव्हतं. तो चालत होता ना!

तो का गप्प होता हे मोठीमायला उशिरा कळलं. त्याचे आई-बाप दर साली दसऱ्यानंतर ऊसतोडीला जात. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात, एकट्या माणसाला अर्धा. मुकादमाकडून त्या हिशेबानं उचल मिळते आणि ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. त्या वर्षीची उचल घेऊन झाली होती, त्यातूनच धाकट्याच्या भरतीच्या अकादमीची फी भरली होती. पोलीस भरतीत पोरांना १६०० मीटर पळायचं असतं, १०० मीटर पळायचं असतं आणि गोळा फेकायचा असतो. या तिन्हींचे मिळून ५० गुण, त्यातले २० एकट्या १६०० मीटरचे. धाकट्याला पहाटे मंठ्याच्या रस्त्यावर पळताना बघून माणसं म्हणायची, हे पोरगं लागतंय. आता आई-बाप कारखान्यावर निघायच्या तयारीत, पैसा अंगावर, मोठीमायच्या ऑपरेशनसाठी बैल निघालेले. अशा वेळी मव्हाबी गुडघा गेलाय हे त्यानं कुठल्या तोंडानं सांगायचं?

नवरात्रात मोठीमायचा नेम असे. मंठ्याच्या रेणुकामातेला अनवाणी चालत जायचं. त्या साली तिला ते जमणार नव्हतं, म्हणून तिनं धाकट्याला पाठवलं आणि ती दारात बसून त्याच्याकडं बघत राहिली. गाडीवाटेवर तो सरळ गेला. पुढं चर होता. तो ओलांडायला त्यानं पाय टाकला, जरा तिरपा झाला, आणि उजवा गुडघा खालून निसटल्यासारखा झाला. धाकटा हातावर पडला. इकडं-तिकडं बघितलं, कपडे झटकले आणि पुढं चालू लागला. ओरडला नाही. त्याला दुखलंच नव्हतं फारसं.

संध्याकाळी तिनं त्याला समोर बसवलं.

"किती डाव पडलास असा?"

"पडलो नाही मोठीमाय, घसरलो."

"किती डाव?"

तो बोलला नाही. मग म्हणाला, "वळताना होतं फक्त. सरळ चालताना काही नाही."

दुसऱ्या दिवशी मोठीमायनं थोरल्याला सांगितलं, बैल विकायच्या आधी मला संभाजीनगरला घाटीत दाखव, आणि ह्यालाबी संग घे. थोरला वैतागला. एवढ्या लांब, जालन्याहून आणखी साठ किलोमीटर, तिथली रांग, दिवस मोडणार. शिवाय एका डॉक्टरांनी सांगितलंय की. मोठीमाय म्हणाली, "बैल घेताना तू दोन बाजार फिरला होतास." माझ्या मते त्या घरात त्या वर्षी बोललं गेलेलं हे सगळ्यात कामाचं वाक्य. दुसऱ्या डॉक्टरांना विचारणं म्हणजे पहिल्यांचा अपमान, असं आपल्या मनात घट्ट बसलेलं आहे. चांगल्या डॉक्टरला त्यात अपमान वाटत नाही, आणि वाटलाच तर गुडघा डॉक्टरांचा नसतो.

घाटी म्हणजे संभाजीनगरचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. आख्खा मराठवाडा तिथं येतो. दुपारी नंबर लागला. अस्थिरोग विभागातल्या डॉक्टरांनी एमआरआयची पिशवी बाजूला ठेवली आणि आधी मोठीमायला टेबलावर झोपवलं. गुडघा वाकवून पाहिला, वळवून पाहिला, दाबून पाहिला.

"मावशी, गुडघा मध्येच अडकतो का? वाकवला की सरळच होत नाही, असं?"

"नाही. दुखतो."

"चालताना खालून निसटतो?"

"नाही. दुखतो."

"जिन्यावर, उकिडवं बसल्यावर जास्त?"

"तवा लई दुखतो."

मग त्यांनी फिल्म पाहिली आणि म्हणाले की फाट आहे हे खरं, पण तुमच्या वयाच्या पुष्कळ माणसांच्या गुडघ्यात ती असते आणि त्यांना पत्ताही नसतो. आधी तीन महिने मांडीचे व्यायाम करा, नेमानं. उकिडवं बसणं बंद. गुडघा अडकायला लागला तर मात्र तीन महिने थांबू नका, तसेच या.

थोरल्याला हे पटेना. त्याला वाटलं, सरकारी दवाखाना आहे, टाळतायत. त्याच्या जागी पुष्कळांना तसंच वाटलं असतं, म्हणून डॉक्टरांच्या त्या दोन वाक्यांमागं काय आहे ते सांगायला हवं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात पन्नाशी ओलांडलेल्या ९९१ लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले होते, ते निष्कर्ष २००८ साली आले. ज्यांच्या गादीला फाट दिसली त्यांच्यातल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघा दुखलेलाच नव्हता. म्हणजे फिल्मवर फाट आहे आणि गुडघा दुखतो आहे, या दोन्ही गोष्टी खऱ्या असूनही एकीमुळं दुसरी आहे असं म्हणता येत नाही. २०१३ साली फिनलंडच्या डॉक्टरांनी त्याहून धीट प्रयोग केला. अशी गादी फाटलेल्या १४६ रुग्णांपैकी साधारण निम्म्यांची फाटकी गादी दुर्बिणीतून कापली. उरलेल्यांच्या गुडघ्यात दुर्बीण घातली, पण कापल्याचं नुसतं सोंग केलं. कुणाचं काय झालं ते रुग्णांना सांगितलं नाही. वर्षानं पाहिलं तर दोन्ही गटांना सारखाच आराम होता. त्याच वर्षी अमेरिकेत पंचेचाळिशीच्या पुढच्या, गादीची फाट आणि झीज दोन्ही असलेल्या ३५१ जणांमध्ये ऑपरेशन आणि व्यायामोपचार यांची तुलना झाली, आणि सहा महिन्यांनी दोन्हींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. यात एक गोष्ट लपवायची नाही: व्यायामाच्या गटातल्या सुमारे ३० टक्के लोकांनी त्या सहा महिन्यांत ऑपरेशन करून घेतलंच. व्यायाम सगळ्यांना पुरतो असं नाही. पण आधी व्यायाम करून पाहिल्यानं त्यांचं नुकसानही झालं नाही.

मोठीमाय टेबलावरून उतरली आणि म्हणाली, "साहेब, आता ह्याचं बघा. हा सांगणार नाही, मी सांगते. हा पडतो."

डॉक्टरांनी धाकट्याच्या दोन्ही मांड्या शेजारी शेजारी पाहिल्या. उजवी बारीक झाली होती, नुसत्या डोळ्यांनाही दिसत होती. त्यांनी एका हातानं मांडी धरली, दुसऱ्या हातानं नडगी पुढं ओढली. ती पुढं आली, आणि थांबायला पाहिजे तिथं थांबली नाही. डाव्या पायाची खट्कन थांबली. थोरला तिथंच उभा होता. फिल्ममध्ये त्याला काही कळलं नव्हतं, हे मात्र त्यानं डोळ्यांनी पाहिलं.

"आतला पुढचा लिगामेंट तुटलाय," डॉक्टर म्हणाले. "एमआरआय काढू, पण माझ्या हाताला कळलंय."

"पण तो चालतो की साहेब!"

"जुवाचा दोर तुटला तरी बैल सरळ वाटेवर चालतोच. वळणावर गाडी सुटते."

मग त्यांनी धाकट्याला जो प्रश्न विचारला, तो या सगळ्या कथेचा मधला खांब आहे. "तुला या पायानं काय करायचंय?"

धाकटा म्हणाला, "भरती. नाहीतर कोयता."

डॉक्टर थोडा वेळ काही बोलले नाहीत. एखाद्या दुकानात बसणाऱ्या माणसानं, शिकवणाऱ्या माणसानं या लिगामेंटशिवाय आयुष्य काढलेलं त्यांनी पाहिलं असणार. इथं मात्र पोराच्या पुढं ज्या दोन वाटा होत्या, त्या दोन्ही पायावरच होत्या. पोलिसात जाऊन पळायचं, नाहीतर उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं.

तरीही त्यांनी लगेच तारीख दिली नाही. स्वीडनमध्ये २०१० साली असाच लिगामेंट तुटलेल्या १२१ तरुण माणसांचा अभ्यास झाला होता. अर्ध्यांवर लवकर शस्त्रक्रिया केली, अर्ध्यांना आधी व्यायाम दिला आणि गरज लागली तर नंतर शस्त्रक्रिया असं ठरवलं. दुसऱ्या गटातल्या ५९ पैकी ३६ जणांना दोन वर्षांत शस्त्रक्रिया करावीच लागली नाही, आणि दोन्ही गटांची प्रकृती सरासरीनं सारखी होती. त्यात व्यावसायिक खेळाडू नव्हते, हे ध्यानात ठेवायचं. उलट २०२२ साली ब्रिटनमधल्या ३१६ रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांचा गुडघा जुन्या इजेनंतरही निसटतच राहिला होता, त्यांना शस्त्रक्रियेचा फायदा व्यायामापेक्षा जास्त झाला. दोन्ही खरं. मधला धागा एवढाच की गुडघा निसटत राहतो की नाही. निसटत राहिला तर दर झटक्याला आतली चांगली गादी फाटायचा धोका असतो, आणि विशीत गादी गेली तर चाळिशीत सांधा झिजतो.

"तीन महिने पाय भक्कम कर," डॉक्टर म्हणाले. "खेळायचं नाही. निसटायचा थांबला तर आपण बघू. नाही थांबला तर ये, मग करू. भक्कम पायावर केलेलं जास्त टिकतं, म्हणजे व्यायाम वाया जाणार नाही."

अशा रीतीनं एकाच खाटेवर दोघांचा व्यायाम सुरू झाला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, दहा मोजेपर्यंत धरायचा. खाटेवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. मोठीमायला पहिले दिवस हे अपमानासारखं वाटलं. आयुष्यभर रानात राबलेल्या बाईनं खाटेवर पडून पाय उचलायचे! तिसऱ्या आठवड्यात दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, आणि थोरला रोज एकदा तरी म्हणायचा, "म्हणलं होतं मी." बैलांचं गिऱ्हाईकही एकदा येऊन गेलं.

तिनं व्यायाम सोडला नाही, पण नुसत्या व्यायामानं झालं असंही नाही. घरातली मांडणी बदलली. चूल ओट्यावर गेली. संडासात खुर्चीचं भांडं बसवलं. निंदण उकिडवं बसून करायचं सोडून सायकल कोळपं घेतलं, ते उभ्यानं चालतं. कापसाची वेचणी उभ्यानंच असते, ती तिनं थोडी थोडी केली. पौषात थंडी वाढली तेव्हा एका सकाळी ती लिंबाखालून गोठ्यापर्यंत गेली आणि परत आली, आणि कुणी काही ऐकलं नाही. ती बरी झाली असं मी म्हणणार नाही. पावसाळी हवेत आणि जिना चढताना तिचा गुडघा आजही दुखतो. पण ती झोपते, कामाला जाते, आणि बैल गोठ्यात आहेत.

धाकट्याचं उलटं झालं. त्याची मांडी भरली, ताकद आली, तो खूश होता. पण गुडघा निसटायचा थांबला नाही. कॅनॉलच्या भरावावर एकदा, गाडीवर टांग टाकताना एकदा. तिसऱ्यांदा निसटला तेव्हा पुन्हा सूज आली आणि तो मोठीमायपाशी येऊन बसला. या वेळी तिला विचारावं लागलं नाही.

"करावं लागंल," तो म्हणाला.

थोरल्याचा विरोध इथं खरा उफाळला. सोयाबीनला भाव नाही, कापूस घरात पडून, आणि ज्याला दुखत नाही त्याच्यावर खर्च? "चालतो ना तो! दुखतंय का त्याला? विचार!"

मोठीमायनं हातातलं काम खाली ठेवलं.

"मव्हा गुडघा दुखत होता तर तू बैल इकायला निघाला होतास. मी वरडत होते म्हणून. हा वरडत नाही, म्हणून ह्याचा पाय तुला दिसत नाही."

थोरला उठून बाहेर गेला. त्याला राग आला होता, आणि राग ओसरल्यावर घाटीतल्या टेबलावर पुढं सरकलेली ती नडगी त्याला आठवली असावी, कारण दुसऱ्या दिवशी रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन तोच निघाला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली, २०१७ पासून ती फुल्यांच्या नावानं चालते. तिच्यात बसणाऱ्या रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस असतो. कोणतं ऑपरेशन बसतं, कोणते कागद लागतात, ते त्याच्या टेबलाशी उभं राहून विचारायचं. थोरला तिथं दोन वेळा जाऊन उभा राहिला. सगळंच योजनेतून भागत नाही. जाण्यायेण्याचं, राहण्याचं, पुढच्या फिजिओथेरपीचं घरालाच बघावं लागतं. त्यासाठी एक कारवड विकली. कारखान्यावरून बापाचा फोन आला, त्यानं एवढंच विचारलं, "पाय राहील ना?"

माघात शस्त्रक्रिया झाली. मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी काढून ती गुडघ्यात तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवली. दोन-तीन दिवसांत घरी.

ऑपरेशन करायचं की नाही हा निर्णय अवघड, असं सगळ्यांना वाटतं. मला विचाराल तर करायचं ठरल्यानंतरचे नऊ महिने त्याहून अवघड. नवी दोरी बसवल्याबरोबर ती लिगामेंट होत नाही. शरीर तिच्यात हळूहळू रक्तवाहिन्या घालतं, तिला आपलीशी करतं, आणि मधल्या महिन्यांत ती कच्चीच असते. वरून मात्र गुडघा चांगला दिसतो. सूज नाही, दुखणं नाही, चाल सरळ. म्हणजे सुरुवातीला ज्यानं घराला फसवलं होतं, तेच आता धाकट्याला फसवायला आलं.

वैशाखात अकादमीतली पोरं मैदानी चाचणीला गेली. धाकटा त्यांना सोडायला मंठ्याच्या बसस्टँडवर गेला आणि घरी येऊन भिंतीला पाठ लावून खाली-वर करत बसला. त्यातली दोन पोरं लागली. त्यांचे सत्कार झाले, फेटे बांधले, फोटो गावच्या ग्रुपवर आले. मोठीमाय त्या दिवशी त्याला काही बोलली नाही, जेवायला मात्र त्याच्याच शेजारी बसली.

मग गणपती आले. सातवा महिना. मित्र आले, म्हणाले, एक सामना खेळ, नुसती चढाई कर, पकडीत जाऊ नको. एकानं क्रिकेटपटू ऋषभ पंतचं उदाहरण दिलं: गाडीचा एवढा अपघात झाला, गुडघ्याचे लिगामेंट तुटले, मुंबईत ऑपरेशन झालं, तरी परत येऊन खेळतोय. धाकट्यानं महिने मोजून दाखवले. अपघात डिसेंबर २०२२ चा, परत खेळायला आला ते मार्च २०२४ मध्ये. ज्याच्या दिमतीला देशातले उत्तम डॉक्टर आणि फिजिओ होते तो पंधरा महिने थांबला. फिजिओथेरपिस्ट ताईंनी त्याला आणखी एक सांगून ठेवलं होतं: नॉर्वेमधल्या २०१६ सालच्या अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणं जितके महिने पुढं ढकललं, दर महिन्याला पुन्हा इजा होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यानं घटलं. तो मैदानात गेला नाही. गुणफलकापाशी बसून गुण लिहीत राहिला, आणि त्याला ते फार जड गेलं हे त्यानं लपवलं नाही.

दिवाळीत नववा महिना भरला. संभाजीनगरला तपासणी झाली. जमिनीवर पट्टी आखून एका पायावर उडी मारायला लावली, आधी डाव्या, मग उजव्या. उजव्याची उडी डाव्याच्या निदान ९० टक्के भरायला हवी. भरली नाही. ताई म्हणाल्या, "अजून नाही. सरळ पळ, हळूहळू वाढव. वळणं, उड्या, ओझं नको. दोन महिन्यांनी ये."

धाकटा म्हणाला, "बरं." त्याचं वय एकवीस. भरतीची वयोमर्यादा खुल्या गटालासुद्धा अठ्ठावीस आहे. हे त्यानं परतीच्या एसटीत थोरल्याला सांगितलं, जणू थोरल्यालाच धीर द्यायचा होता.

त्या संध्याकाळी त्याचा बाप आखाड्यावर आला. दसरा होऊन गेला होता, टोळ्या हलत होत्या, मुकादम दोनदा निरोप देऊन गेला होता. कारवडीचे पैसे त्याला मोठीमायला परत करायचे होते. तो थोरल्याला बाजूला घेऊन म्हणाला, "आता चालायलाय ना चांगला? ह्या साली अर्धा कोयता त्याचा धरतो. उचल वाढंल."

थोरल्यानं लगेच उत्तर दिलं नाही. त्यानं विचारलं, "काका, मोळी घेऊन फळीवर चढताना पाय वळतो का?"

"वळतो की. ओल्या फळीवर तर लईच."

"मग नाही. त्यो इथंच ऱ्हाईल, कोळपं मारील, सकाळी पळंल. कारवडीचं पैसं राहू द्या, आम्हाला घाई नाही."

बाप काही वेळ तसाच उभा राहिला. मग खिशातून फोन काढला, मुकादमाला लावला आणि म्हणाला, "आमचा एकच कोयता धरा. दीड नका धरू."